एकच प्रश्न, तीन उत्तरं आणि तिन्ही बरोबर

सुट्टीत चार घरची माणसं जमली आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न सुरू झाले, की अर्ध्या तासात एखाद्या उत्तरावरून वाद पेटतोच. एकाने शाळेत शिकलेलं उत्तर दिलेलं असतं, दुसरा मोबाइलवर भलतंच काहीतरी काढून दाखवतो, आणि मग सगळ्यांना एकच शंका येते: एका प्रश्नाला दोन उत्तरं असतीलच कशी? त्यातलं एक चुकलेलंच असणार ना? मग कोणाचं पुस्तक जुनं, कोणाची माहिती ऐकीव, याची उलटतपासणी होते. पण अशा वादांत चूक पुष्कळदा उत्तरात सापडतच नाही, कारण ती प्रश्नात असते. प्रश्न घालणाऱ्याने चारपैकी एखादी गोष्ट सांगायची राहून गेलेली असते: मोजायचं कुठून, कोणत्या गटात, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या निर्णयानुसार. या चार गोष्टी आता एकेक करून पाहू. चारही नीट लक्षात आल्या की प्रश्नमंजूषेतले बहुतेक वाद सुटतात, आणि मुख्य म्हणजे घरच्या घरी चांगले प्रश्न तयार करता येतात.

१. मोजायचं कुठून?

जगातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणी क्षणभरही थांबत नाही. एव्हरेस्ट. ८,८४८.८६ मीटर ही त्याची उंची नेपाळ आणि चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रितपणे जाहीर केली. ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. शिखराची उंची समुद्रसपाटीपासून मोजायची हा संकेत इतका अंगवळणी पडला आहे, की तो संकेत आहे हेच आपण विसरतो. आता संकेत बदलून पाहा. हवाई बेटांवरचा मौना केआ हा ज्वालामुखी समुद्रसपाटीपासून जेमतेम ४,२०७ मीटर उंच आहे, पण त्याचा पायथा पॅसिफिक महासागराच्या तळाशी आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोजला तर तो १०,००० मीटरच्या पुढे जातो आणि एव्हरेस्टला मागे टाकतो. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरमधलं चिंबोराझो शिखर तर अवघं ६,२६३ मीटरचं. तरीही पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूरचा माथा त्याचाच आहे.

हे कसं घडतं ते साध्या बेरजेने दाखवता येतं. पृथ्वी अगदी गोल नाही. ती ध्रुवांकडे किंचित चपटी आणि विषुववृत्तावर फुगीर आहे. केंद्रापासून ध्रुवापर्यंतचं अंतर साधारण ६,३५७ किलोमीटर, तर विषुववृत्तापर्यंतचं ६,३७८ किलोमीटर. चिंबोराझो विषुववृत्ताच्या जवळच आहे, म्हणून त्याच्या पायाखाली जवळजवळ ६,३७८ किलोमीटर आधीच जमा असतात. त्यात स्वतःचे सव्वासहा मिळवले की होतात सुमारे ६,३८४. एव्हरेस्ट २८ अंश उत्तरेला आहे. तिथे समुद्रसपाटी केंद्रापासून साधारण ६,३७३ किलोमीटरवर आहे. त्यात पावणेनऊ मिळवले की सुमारे ६,३८२. म्हणजे चिंबोराझो दोनेक किलोमीटरने पुढे. ओट्यावर उभा राहिलेला लहान भाऊ अंगणात उभ्या असलेल्या थोरल्या भावापेक्षा वर दिसतो, तसंच हे. थोरला उंच की धाकटा, याचं उत्तर पावलांपासून मोजलं तर एक आणि अंगणाच्या फरशीपासून मोजलं तर दुसरं. दोन्ही उत्तरं खोटी नाहीत. फक्त मोजणी कुठून सुरू केली ते सांगायला हवं.

गंमत म्हणजे फक्त एव्हरेस्टचा विचार केला तरी हा पेच सुटत नाही. १८५२ मध्ये राधानाथ सिकदर यांच्या आकडेमोडीतून हे शिखर सर्वांत उंच असल्याचं दिसून आलं. तेव्हा ते 'शिखर क्रमांक १५' एवढ्याच नावाने ओळखलं जात होतं. सर्वेक्षण खात्याचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट असल्याचं जाहीर केलं. मीटरमध्ये ती ८,८४० च्या आसपास भरते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, शिखराच्या जवळही न जाता केलेल्या या मोजणीत आणि आजच्या आकड्यात फरक आहे जेमतेम नऊ मीटरचा. पुढे २००५ मध्ये चीनने ८,८४४.४३ मीटर हा आकडा दिला, नेपाळ मात्र ८,८४८ वर ठाम राहिला. यात कोणाची मोजणी बिघडली होती का? मुळीच नाही. चीनचा आकडा माथ्यावरच्या खडकापर्यंतचा होता, नेपाळचा त्या खडकावरच्या बर्फाच्या टोपीसकट. मोजणी कुठून सुरू करायची हा प्रश्न जसा महत्त्वाचा, तसाच ती कुठे थांबवायची हाही.

नद्यांच्या बाबतीत हाच घोळ उगमाशी होतो. नाईल सुमारे ६,६५० किलोमीटर आणि ॲमेझॉन सुमारे ६,४०० किलोमीटर असं पुस्तकांत सापडतं. पण मोठ्या नदीला वरच्या अंगाला अनेक प्रवाह येऊन मिळतात. त्यांतला कोणता प्रवाह मूळ नदी धरायचा आणि मुखाजवळच्या पसरट खाडीत नदी कुठे संपली असं मानायचं, यावर आकडे मागेपुढे होतात. म्हणून ॲमेझॉनच लांब, असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. 'सर्वांत जास्त पाणी वाहून नेणारी नदी कोणती' असं विचारा, आणि वाद संपतो. तिथे ॲमेझॉनला स्पर्धकच नाही.

२. कोणत्या गटात?

दुसरी राहून जाणारी गोष्ट म्हणजे गट. भारतातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? शालेय पुस्तकांत के-२ म्हणजे गॉडविन ऑस्टिन हे उत्तर येतं, ८,६११ मीटर. ते भारताच्या अधिकृत नकाशात आहे, पण आज तो भाग पाकिस्तानच्या ताब्यात आहे. प्रत्यक्ष भारताच्या ताब्यातलं शिखर विचारलं तर उत्तर कांचनजंगा, ८,५८६ मीटर. पण तेही सिक्कीम आणि नेपाळ यांच्या सीमेवर उभं आहे. संपूर्णपणे भारताच्या हद्दीतलं शिखर हवं असेल तर उत्तराखंडातली नंदादेवी, ७,८१६ मीटर. एका प्रश्नाला तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. प्रश्नात 'संपूर्णपणे भारताच्या हद्दीत' एवढे तीन शब्द घातले असते तर एकच उत्तर उरलं असतं.

'पहिला' या प्रकारच्या प्रश्नांत गटाचं महत्त्व आणखी वाढतं, कारण पहिलेपणाला अभिमान चिकटलेला असतो. भारतातली पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरचं अंतर आणि ओढायला तीन इंजिनं. पण मद्रासजवळ रेड हिल्स इथे रस्त्यांसाठी लागणारा दगड वाहून नेणारा लोहमार्ग १८३७ मध्येच होता, आणि रुरकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या बांधकामावर १८५१ मध्ये वाफेचं इंजिन धावलं होतं. त्यामुळे बोरीबंदर-ठाणे गाडीचा मान कमी होतो का? नाही. तो मान 'पहिली प्रवासी रेल्वे' हा आहे आणि तो अबाधित आहे. 'प्रवासी' हा शब्द गाळला की मद्रासच्या माणसाला हरकत घ्यायला जागा मिळते.

चित्रपटाचं उदाहरण याहून बारकाईने पाहण्याजोगं आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्याच कोरोनेशनमध्ये जवळजवळ वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखवला गेला होता. तारखा पाहिल्या तर तोरणे पुढे आहेत. मग पहिलेपण फाळक्यांना का दिलं जातं? 'पुंडलिक' हे रंगमंचावर चाललेल्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनमध्ये झाली. 'हरिश्चंद्र' मात्र चित्रपट म्हणूनच रचलेला, पूर्ण लांबीचा आणि इथल्या इथे तयार केलेला कथापट होता. त्याहीआधी, १८९९ मध्ये, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात पकडली होती. मग 'भारतीयाने केलेलं पहिलं चित्रण' कोणाचं, असं विचारलं तर नाव सावेदादांचं येईल. तिघेही आपापल्या गटात पहिले आहेत, आणि योगायोगाने तिघांची कर्मभूमी मुंबईच.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्याबद्दलही असंच आहे. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. कादंबिनी गांगुली याही १८८६ मध्येच कोलकात्यातून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे वैद्यकी केली. रखमाबाई यांनी १८९४ मध्ये इंग्लंडमधून शिक्षण पूर्ण केलं आणि सुरत व राजकोट इथे दीर्घ काळ काम केलं. पदवी, देशातलं शिक्षण, परदेशातलं शिक्षण आणि प्रत्यक्ष व्यवसाय या चार निरनिराळ्या पायऱ्या आहेत. 'पहिली महिला डॉक्टर' असं मोघम विचारलं की या चारही एकत्र होतात आणि एकीचा मान वाढवताना दुसरीचं काम झाकलं जातं.

३. कोणत्या तारखेला?

महाराष्ट्रात जिल्हे किती, हा प्रश्न तीन पिढ्यांना एकाच वेळी विचारला तर तीन आकडे येण्याची शक्यता आहे. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झालं तेव्हा २६ जिल्हे होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली असे चार वाढले, म्हणजे ३०. मग १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया मिळून आकडा ३५ वर गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर झाला आणि ३६ झाले. जे आजोबा २६ म्हणतात त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे. त्यांचं उत्तर १९६० सालचं आहे, एवढंच. क्षेत्रफळाने सर्वांत मोठं राज्य कोणतं, याचंही तसंच. ३१ ऑक्टोबर २००० पर्यंत उत्तर मध्य प्रदेश होतं. दुसऱ्या दिवशी छत्तीसगड वेगळं झालं आणि राजस्थान एक इंचही न वाढता पहिल्या क्रमांकावर आलं.

माणसांनी आखलेल्या सीमा बदलतात हे समजण्यासारखं आहे. पण निसर्गाबद्दलची उत्तरंही बदलतात. सर्वाधिक चंद्र कोणत्या ग्रहाला, याचं उत्तर २०२३ या एकाच वर्षात फिरलं. वर्षाच्या सुरुवातीला नव्या नोंदींमुळे गुरू पुढे गेला, आणि काही महिन्यांत शनीने त्याला मागे टाकलं. मार्च २०२५ मध्ये शनीच्या आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळाली आणि त्याची संख्या २७४ झाली. हे चंद्र काही त्या दिवशी जन्मले नाहीत. ते होतेच, आपल्या दुर्बिणींना आणि गणिताला ते उशिरा सापडले. म्हणून 'आजवर नोंदल्या गेलेल्या चंद्रांपैकी' असं विचारणं जास्त प्रामाणिक ठरतं. बदलत्या गोष्टींवरच्या प्रश्नाला तारीख हवीच. प्रश्नपत्रिका जुनी झाली तरी तारीख घातलेला प्रश्न जुना होत नाही.

४. ठरवलं कोणी?

चौथी गोष्ट सर्वांत कमी लक्षात येणारी आहे. काही उत्तरं मोजून मिळत नाहीत; ती कोणीतरी ठरवावी लागतात. प्लुटोचा शोध १९३० मध्ये लागला आणि तो नववा ग्रह म्हणून पुस्तकांत गेला. २००५ मध्ये जवळपास तेवढाच एरिस सापडला, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांपुढे पेच उभा राहिला: हा दहावा ग्रह मानायचा, की ग्रह कशाला म्हणायचं हेच आधी ठरवायचं? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या मतदानाने मंजूर केली. सूर्याभोवती फिरणं आणि स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल होणं पुरेसं नाही, आपल्या कक्षेचा परिसरही त्या गोलाने मोकळा केलेला असला पाहिजे, अशी तिसरी अट त्यात होती. त्या अटीत प्लुटो बसला नाही. तो बटुग्रह झाला आणि ग्रह आठ उरले. आकाशात त्या दिवशी काहीच बदललं नाही. बदलला तो निर्णय.

जिथे असा निर्णय लागतो, तिथे तो खरोखर झाला आहे का हे पाहावं लागतं. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, हे उत्तर अनेक पिढ्यांनी परीक्षेत लिहिलं आणि गुण मिळवले. पण असा कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही, असं केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारातल्या अर्जाला उत्तर देताना सांगितलं. राष्ट्रभाषा हिंदी, हे उत्तरही त्याच जातीचं. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे; कुठल्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हणून घोषित केलेलं नाही. याउलट मोर राष्ट्रीय पक्षी आहे, कारण १९६३ मध्ये तसं जाहीर झालं. अमेरिकेत तर पांढऱ्या डोक्याचा गरुड १७८२ पासून देशाच्या राजमुद्रेवर बसलेला होता, तरी कायद्याने तो राष्ट्रीय पक्षी झाला डिसेंबर २०२४ मध्ये. मधली जवळजवळ अडीचशे वर्षं सगळे त्याला राष्ट्रीय पक्षीच समजत होते. लोकांना वाटणं वेगळं आणि कागदावर होणं वेगळं, हे दाखवायला याहून बोलकं उदाहरण मिळणार नाही.

५. काही आक्षेप

इतका काथ्याकूट वाचल्यावर कोणी म्हणेल, अहो, हा खेळ आहे, कोर्ट नाही. दोन घटका मजा करायची तिथे एवढी काटेकोरी कशाला? पण मजेवर विरजण पडतं ते मोघम प्रश्नामुळे. नंदादेवी म्हणणाऱ्या मुलीला शून्य गुण देऊन के-२ म्हणणाऱ्याला पाच दिले, तर ती पुढच्या प्रश्नाला मनापासून उत्तर देणार नाही, कारण तिचं बरोबर होतं हे तिला माहीत आहे. प्रश्नात तीन-चार शब्द वाढवल्याने खेळ लांबत नाही; वाद मात्र टळतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रत्येक उत्तर 'अवलंबून आहे' म्हटलं, तर खरं-खोटं असं काही उरणारच नाही, आणि मुलं कुठलंही उत्तर ठोकून देतील. इथे फरक नीट समजून घेतला पाहिजे. अट सांगितली की उत्तर एकच उरतं, आणि ते पक्कं असतं. समुद्रसपाटीपासून मोजायचं ठरलं की चिंबोराझो म्हणणारा चुकलाच. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. तिथे पळवाट नाही. हॉकीबद्दलचं उत्तर तर कुठल्याच अटीखाली बरोबर ठरत नाही. म्हणजे या विचाराने सत्य सैल पडत नाही. उलट, खरंच अनेक बाजू असलेलं उत्तर कोणतं आणि निव्वळ चुकीचं कोणतं, यांतला भेद लख्ख होतो.

तिसरा आक्षेप स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेल्या मुलांचा. त्यांना चार पर्यायांतला एकच रंगवायचा असतो. त्यांनी या फाटे फोडण्याचं काय करायचं? त्यांनीच तर ते जास्त शिकायला हवं. महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करून उमेदवारांच्या हरकती मागवतो आणि मगच अंतिम तालिका लावतो. म्हणजे मोघम प्रश्नाचा धोका परीक्षा घेणाऱ्यांनीही गृहीत धरला आहे. ज्याला उत्तरासोबत त्याची अटही माहीत आहे, त्याला प्रश्नातला 'संपूर्णपणे' किंवा 'प्रवासी' हा शब्द चटकन दिसतो आणि तो योग्य पर्यायावर जातो. आणि मोबाइलवर सगळं मिळत असताना हे कशाला, असं कोणी म्हणालं, तर त्याचंही उत्तर यातच आहे. मोबाइल विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो; प्रश्न मोघम विचारला तर समोर येईल ते उत्तर कोणत्या अटीखालचं आहे हे ताडायला आपलंच डोकं लागतं.

६. घरचा प्रश्न दुरुस्त कसा करायचा?

आता कृती. प्रश्न कागदावर लिहिला की त्याला चार चाळण्या लावा. मोजणीचा प्रश्न असेल तर कुठून कुठवर ते लिहा. 'पहिला', 'एकमेव', 'सर्वांत मोठा' असे शब्द असतील तर त्यांच्यापुढे गट लिहा. बदलणारी गोष्ट असेल तर साल घाला. मान, दर्जा किंवा नाव विचारत असाल तर ते कोणी दिलं हे उत्तराशेजारी टिपून ठेवा. चिठ्ठीच्या मागे उत्तर आणि माहिती कुठून घेतली हे लिहिलं की वादाच्या वेळी प्रश्नकर्त्याला आवाज चढवावा लागत नाही. खेळात एक नियमही जोडा: अपेक्षेपेक्षा वेगळं उत्तर देणाऱ्याने ते कोणत्या अटीखाली बरोबर आहे हे सांगितलं आणि ते तपासून खरं निघालं, तर त्याला पूर्ण गुण आणि वर एक जादा. असा जादा गुण मिळवायला पाठांतर पुरत नाही, म्हणून भरपूर पाठ असलेला एकच भिडू दर वेळी जिंकत नाही.

सरावासाठी पाच प्रश्न देतो. भारतातली सर्वांत लांब नदी कोणती? जगातला सर्वांत मोठा देश कोणता? भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान कोण? सर्वांत जुनं शहर कोणतं? महाराष्ट्राची राजधानी कोणती? यांतले काही प्रश्न आहेत तसेच चालतील, काहींना एखादा शब्द जोडावा लागेल, एखाद्याला साल मागावं लागेल, आणि निदान एक असा आहे की जो कितीही दुरुस्त केला तरी घरच्या खेळात न घेतलेलाच बरा. कोणता कुठल्या खणात टाकायचा, हे उत्तरं शोधायला बसण्याआधी ठरवा.